तीस दिवस, एकच तोंड

९ फेब्रुवारी, सोमवार

खड्डा निघाला! अकरा दिवस घासल्यावर, सगळं होत आल्यावर, आणि तोही तंबाखू ओढायच्या पाइपाच्या वाटीला, पुढच्या बाजूला, जिथे बघणाऱ्याची नजर आधी जाते नेमका तिथेच. मोहरीएवढा काळा खड्डा. पॉलिश पेपराचे चार हात मारले, तर मोहरीचा वाटाणा झाला! लाकडाच्या पोटात काय आहे ते वरून कळत नाही म्हणतात. कबूल. पण मग पहिल्याच दिवशी दिसायला काय झालं होतं? मी अकरा दिवसांची झोप तरी काढली असती.

रागानं भिंतीवर फेकून मारला. भिंतीचा पोपडा उडाला, पाइप ढिम्म.

आतून नवऱ्याचा आवाज — "काय फुटलं?"

"माझं नशीब."

"हां, मग ठीक. मला वाटलं कप."

१० फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन लाकूड घासायचं. नवरा म्हणतो, "तुला घासण्याची एवढी हौस, मग भांडी पाहून तोंड का वाकडं होतं?" या माणसाला उत्तर देण्यात अर्थ नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या पाइपाची तोंडात धरायची नळी तुटली. मी ती दुकानातल्या चाकावर घासून नीट करून दिली, आणि तिथून जे लागलं ते लागलं. आजवर चौतीस पाइप केले. स्वतः एकदाही ओढला नाही. तंबाखूच्या नुसत्या वासानं मला शिंका येतात. नवऱ्याच्या भाषेत — टकल्यानं कंगवे विकायचे!

अठ्ठावीस मार्चला पाइपवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन. गेल्या वर्षी मिशीवाल्या अध्यक्षांनी माझा पाइप हातात घेतला, उलटासुलटा केला आणि हसून म्हणाले, "छानच हो ताई. शोभेचा आहे ना?" शोभेचा! त्यांचा नियम असा की परीक्षकांच्या टेबलावर पाइप जायचा तर तो आधी तीस दिवस ओढलेला हवा. रोज एकदा, आणि एकाच तोंडानं. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. लाकूड उष्णता कशी सोसतं ते त्याशिवाय कळत नाही म्हणे. ज्यांचे ओढलेले नसतात त्यांचे पाइप दाराशी, फुलदाणीशेजारी.

मी गेली तीन वर्षं फुलदाणीशेजारी आहे.

यंदा नाही. नवीन ठोकळा पार्सलनं येतोय. तोंड अण्णाचं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज भोक पाडलं. सगळं काम एका या भोकावर असतं. वरून तंबाखूची वाटी कोरायची, बाजूनं दांडीतून बारीक भोक घ्यायचं, आणि दोघांची गाठ बरोबर वाटीच्या तळाशी पडली पाहिजे. केसभर वर गेलं की तळाला ओला गाळ साचतो आणि ओढताना पाइप गुडगुडतो. खाली गेलं तर ठोकळा चुलीत.

शिकंज्यात ठोकळा, हातात ड्रिल, श्वास रोखलेला — आणि नवरा दारात येऊन विचारतो, "दूध तापवलंस का?"

जन्मभराची वैरं अशीच पडत असतील.

पण मिळालं. बरोबर तळाशी! आत तार घालून पाहिली, भिंग लावून पाहिलं. दूध उतू गेलं ते गेलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाइप झाला. यात एकही खड्डा नाही. लाकडाच्या रेघा वाटीच्या तळापासून काठापर्यंत सरळ वर गेल्यात, विंचरल्यासारख्या. मेण लावून चोळला तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं.

संध्याकाळी घेऊन वर गेले. अण्णा आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतो. वहिनी गेल्यापासून एकटा. जन्मभर बॉयलर तपासायची नोकरी केली, त्यामुळे त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीत गळती दिसते. नवा पाइप नेला की झडप घालतो आणि आधी दहा चुका काढतो. मग कौतुक.

आज काहीच नाही. हातात घेतला, फिरवला, टेबलावर ठेवला.

"तीस दिवस? रोज?"

"रोज."

"आणि दुसऱ्या कुणी ओढून नाही चालणार?"

"नियम आहे. एकच तोंड. आता या वयात मी दुसरा भाऊ कुठून आणू?"

खिडकीबाहेर बघत बसला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बघण्यासारखं काय होतं देव जाणे. मग म्हणाला, "बरं, सुतारीणबाई. उद्यापासून."

एवढंच! रेघांबद्दल चकार शब्द नाही. इतकी चिडले की चहा न घेताच खाली आले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दिवस पहिला. वीस मिनिटं ओढला. गुडगुड नाही, विझला नाही. अभिप्राय — "बरा आहे."

बरा!

२२ फेब्रुवारी, रविवार

दिवस तिसरा. ओढताना मधेच थांबला, गालाला हात लावला. काय झालं म्हटलं, तर म्हणे जीभ जरा हुळहुळतेय.

"कुठे?"

"डावीकडे. कडेला."

चावला! माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. पाइपवाले याला असंच म्हणतात — पाइप जीभ चावतो. भोक अरुंद असलं की माणूस जोरात ओढतो, धूर तापतो, जीभ पोळते. दोष ओढणाऱ्याचा नसतो, करणाऱ्याचा असतो.

मी म्हटलं, "पाइप चावतोय तुला. माझीच चूक. भोक अरुंद ठेवलं मी."

माझ्याकडे बघत राहिला. मग, "असेल."

"असेल नाही, आहेच! आण इकडे."

भोक अर्ध्या मिलिमीटरनं मोठं केलं. एवढं शेवटाला काम आलेलं आणि आता ड्रिल घसरलं असतं तर!

२५ फेब्रुवारी, बुधवार

सहावा. अजून चावतोय. भोक आता एवढं मोठं आहे की त्यातून मुंगी सहकुटुंब जाईल. मग चावतोय का?

अण्णाला विचारलं, घाईघाईनं ओढतोस का? म्हणाला, "चाळीस वर्षं ओढतोय. आता तू शिकव."

नवरा म्हणतो, त्याला चार दिवस सुट्टी दे. चार दिवस! म्हणजे पुन्हा एकपासून, आणि मार्च तर संपून जाईल. या माणसाला नियम सांगायचा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नववा. आज डोक्यात उजेड पडला. अण्णा नळी डाव्या बाजूनं दातांत धरतो. दुखतंही डावीकडेच! म्हणजे धुराचा प्रश्न नाहीच, नळीच्या टोकाला कुठेतरी धार राहिलीये आणि ती घासतेय. काय मूर्ख आहे मी! दुकानात काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला दारातून दिसतो आणि इथे माझ्याच नळीची धार दिसली नाही.

टोक पुन्हा घासलं. आठशे नंबरच्या पेपरापासून सुरुवात करून शेवटी कापडानं. आता स्वतःच्या गालावर फिरवून पाहिलं, लोण्यासारखं.

अण्णाला म्हटलं, "तोंड उघड, कुठे लागतं ते दाखव. त्याप्रमाणे आणखी गोल करते."

"मी काय तुझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक आहे?"

"अरे, एकदा बघू तर दे."

"म्हटलं ना नको." केवढ्यानं ओरडला! खाली निघून आले. करावं तेवढं थोडं, आणि वर हे ऐकून घ्यायचं.

३ मार्च, मंगळवार

बारावा. स्वतःहून म्हणाला, "आज बरं आहे." जिंकले! धारच होती!

५ मार्च, गुरुवार

नाही जिंकले.

सात वाजता वर गेले तर पाइप थंड. ओढलेलाच नाही. अण्णा पाव चहात बुडवून खात होता, तोही गार झालेल्या चहात, आणि उजव्या बाजूनंच चावत होता. म्हटलं, हे काय? म्हणे, "आज राहू दे गं."

राहू दे! चौदाव्या दिवशी! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नाटकं पुरे, अण्णा. जरा जिभेला पोळलं तर एवढं काय? मी काय मजा म्हणून रोज दोन जिने चढते? वर्षभर थांबलेय मी या तीस दिवसांसाठी."

पाइप भरला, पेटवला. मी समोर खुर्ची ओढून बसले, घड्याळ लावून. पूर्ण वीस मिनिटं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला धूर गेला.

खाली येऊन हे नवऱ्याला सांगितलं. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. भावाला विष पाजायला बसलीस पुढ्यात."

मी पण ऐकून घेतलं नाही. "चाळीस वर्षं ओढतोय तो. मी सुरू करून दिलं का? मी नुसतं भांडं देते."

रात्री जेवलो ते दोघं दोन दिशांना तोंडं करून.

८ मार्च, रविवार

सतरावा. अख्खा रविवार घालवून दुसरी नळी केली. लांब. धूर जितका लांबून येईल तितका थंड. टोकही पातळ केलं, म्हणजे तोंड फार उघडायला नको. सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. मान गेली, अंगठ्याची साल गेली.

मधे एकदा, दुपारी, हात थांबला. वाटलं, बास करावं. म्हातारा माणूस आहे, दुखतंय त्याला, कशाला हा अट्टहास? आणि लगेच त्या मिशांखालचं "शोभेचा आहे ना?" आठवलं. पुन्हा कानस उचलली.

खरं काय ते इथे तरी लिहावं. मला ते टेबल हवंय. फक्त एकदा.

अण्णानं नवी नळी पाहिली आणि कितीतरी वेळ हातात धरून बसला. "एवढी मेहनत घेतलीस?" म्हणाला. "मग आता नाही चावणार ना?"

"छातीवर हात ठेवून सांगते. दोष सापडला."

"बघ हं," म्हणाला. आणि हसला. या पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

११ मार्च, बुधवार

विसावा. "हुळहुळतं?" "थोडं." "कमी की जास्त?" "तेवढंच." "म्हणजे आधीएवढं की परवाएवढं?" "तू बॉयलर इन्स्पेक्टर व्हायला हवी होतीस."

ताकास तूर लागू देत नाही!

१३ मार्च, शुक्रवार

बाविसावा. आता शेवटचा उपाय. काल दुकानात एका बाईंच्या नाकाच्या मापानं फ्रेम वाकवत होते आणि एकदम सुचलं. नाकाच्या मापानं फ्रेम, तर दातांच्या मापानं नळी का नाही? कोपऱ्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडून अण्णाच्या दातांचा साचा घ्यायचा. वरचे, खालचे, चावताना कसे बसतात तसे. त्या साच्यावर नळीचं टोक बसवायचं. मग ते जिभेच्या वाटेला जायचं कामच नाही. हे आजवर कुणी केलं असेल असं वाटत नाही. मिशीवाल्यांना सांगितलं तर मिशा गळून पडतील!

अण्णाला सांगितलं तर चेहराच उतरला. "नको." का? "त्या बाई उगाच काहीतरी काढतात." बरं, मग दुसरीकडे जाऊ. "पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात कसं, आठच दिवस उरलेत! "कशाला त्यांना त्रास." जन्मभर बॉयलरच्या पोटात शिरून आलेला माणूस आणि दातांच्या खुर्चीला घाबरतो!

त्याला न विचारता सोमवारची वेळ घेतली.

१६ मार्च, सोमवार

काय लिहू. क्रमानं लिहिते.

साडेपाचला त्याला जवळजवळ ओढतच नेलं. जिना उतरताना दोनदा थांबला. एकदा चावी विसरली म्हणून, एकदा गॅस बंद केला का म्हणून. मी दंडाला धरून होते.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. मी त्यांच्या ट्रेमधे पाइप ठेवला आणि समजावून सांगायला लागले. नळी इथे येते, कोन असा, चावतो डावीकडून, त्यामुळे टोक जिभेच्या कडेला लागतं, तर तुम्ही साचा असा घ्या... बोलतच होते. त्यांनी दिवा खाली ओढला, अण्णाला तोंड उघडायला सांगितलं, आणि नंतर त्या माझं काही ऐकत नव्हत्या.

कापसाच्या पट्टीत जीभ धरून त्यांनी ती हलकेच उजवीकडे ओढली. तेव्हा मी पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डाव्या कडेला, मागच्या बाजूला, रुपयाएवढी जखम. मधे लाल, काठ पांढरट आणि वर आलेला.

"किती दिवस आहे हे?"

मी म्हटलं, "बावीस." मला तोंडपाठ होतं ना. दिवस तिसरा, रविवार. "पाइप चावतोय त्यांना. म्हणजे भोक आधी अरुंद होतं, मग मी..."

"ताई," त्या म्हणाल्या, "भाजलेलं इतके दिवस राहत नाही. धार लागली तर ती काढल्यावर भरतं. हिची कड बोटाला कडक लागतेय." मग अण्णाकडे, आवाज खाली आणून — "काका, दोन आठवड्यांवर जखम भरली नाही तर थांबायचं नसतं. याचा तुकडा तपासायला हवा. उद्याच. मोठ्या हॉस्पिटलात."

"कॅन्सर?" मीच विचारलं. अण्णानं नाही.

"तपासल्याशिवाय नाही सांगत. पण पाइप आजपासून बंद. हा आणि सगळेच."

त्यांनी हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. मी ट्रेमधला पाइप उचलला. कुठे ठेवू कळेना. पिशवीत टाकला तर छत्रीच्या काडीवर आपटून खणकन वाजला.

घरी आलो. खाली आमच्या दारात नवरा उभा होता, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. बरं केलं. आज त्यानं एक जरी म्हण टाकली असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

बावीस दिवस! बावीस दिवस मी लाकूड घासत बसले. भोक मोठं केलं, नळी गोल केली, लांब केली, पातळ केली. आणि त्या गुरुवारी तो नको म्हणत असताना समोर घड्याळ लावून बसले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. काचेवरचा ओरखडा दारातून दिसतो म्हणे मला. माझ्या भावाच्या तोंडात काय चाललंय ते दिसलं नाही. लाज वाटते. भीतीही वाटते.

१७ मार्च, मंगळवार

हॉस्पिटलातल्या खिडकीवरच्या बाईंनी चिठ्ठी मागितली. मी पर्स उघडेपर्यंत अण्णानं शर्टाच्या खिशातून काढून दिली. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंची माझ्याकडे आहे, मग ही कुठली? चार घड्या घातलेली, घड्यांवर फाटत आलेली. आमच्या घरच्या डॉक्टरांची. जिभेवर जखम, तातडीनं तुकडा तपासावा. तारीख १७ फेब्रुवारी.

मी पाइप घेऊन वर गेले त्याच्या दोन दिवस आधीची!

बाकावर बसल्यावर त्याला म्हटलं, "तुला माहीत होतं? माहीत असून रोज ओढत होतास? मला एका शब्दानं नाही बोललास?" आजूबाजूचे लोक बघायला लागले, एवढी ओरडले. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसून होता. नाव पुकारलं तसा उठला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तू इतक्या खात्रीनं सांगायचीस गं, पाइपच चावतोय म्हणून. मला वाटायचं, डॉक्टरपेक्षा तूच खरी ठरावीस."